आमच्या आधीं येथें कोण राहत होतें ?

नव्या घरांत राहावयास जातांना आपण वास्तुशांति करतों. वास्तुपुरुषाचें आवाहन होतें, दिक्पालांस बलि मिळतात, नवग्रहांस समिधा पोहोंचतात, आणि इतक्या देवतांची विचारपूस झाल्यावर चार आप्तेष्टांस जेवूं घालून आपण निश्चिंत होतों. घर कोरें करकरीत असो कीं शंभर वर्षांचें असो, विधि तोच. परंतु त्या घरांत आपल्या आधीं कोणीं चूल पेटविली, कोणाचीं बारशीं तेथें झालीं, कोण त्या उंबऱ्यावरून चौघांच्या खांद्यावर बाहेर गेलें, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. फार झालें तर घर घेतांना एखादी वडील बाई हळूच विचारते, "घर लाभी आहे ना ?" आणि विकणारा हटकून "हो" म्हणतो. पूर्वीच्या धन्यांसंबंधीं आपली जिज्ञासा बहुधा येथेंच संपते.

कुळाचा इतिहास शोधण्याची हौस मात्र आपल्या समाजास दांडगी. घराण्याघराण्यांचे कुलवृत्तांत छापले गेले. मूळपुरुष कोण, कोणती शाखा कोणत्या गांवीं गेली, कोण दत्तक गेला, हें सारें त्यांत जुळवून ठेविलेलें असतें. घरालाहि अशीच एक वंशावळ असते. फरक इतकाच कीं, तींतील दुवे रक्ताचे नसून कर्जाचे, वांटणीचे, बदलीचे, वैधव्याचे, आणि क्वचित् भयाचे असतात. ही वंशावळ कशी काढावी असें अनेक वाचक विचारतात. वडील निवर्तल्यावर वारसनोंदीसाठीं आम्हांसहि ती काढावी लागली. तेव्हां जें पाहिलें तें येथें सांगतों.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत तीन मानवी प्रमाणें सांगितलीं आहेत : लिखित, भुक्ति आणि साक्षी. भुक्ति म्हणजे प्रत्यक्ष उपभोग, वहिवाट. हीं तिन्ही नसतील तरच दिव्याकडे वळावें, असें तेथें म्हटलें आहे. घराचे पूर्वीचे धनी शोधणाऱ्यासहि हींच तीन प्रमाणें पुरेशीं आहेत. मात्र बहुतेक मंडळी पहिल्याशींच थांबतात, कारण कागद हातांत आला म्हणजे सत्य हातांत आलें असा आपला समज असतो.

कागदाच्याहि आधीं घराकडेच पाहावें. जुन्या घराच्या गणेशपट्टीवर, विहिरीच्या कांठीं किंवा तुळशीवृंदावनाच्या चौथऱ्यावर पुष्कळदां शक कोरलेला असतो. शकांत ७८ मिळविले म्हणजे इसवी सन येतो. पौष ते फाल्गुन या काळांतील तिथि असेल तर बहुधा ७९ मिळवावे लागतात. चुन्याचे चार हात खरवडल्याखेरीज हा आंकडा दिसत नाहीं, आणि रंगारी तो खरवडण्याऐवजीं पांचवा हात मारून जातो. म्हणून रंगाचें काम काढण्यापूर्वीं एकदां स्वतः फिरून पाहावें.

मग शहरांतील घर असेल तर नगर भूमापन कार्यालयांत जावें. सिटी सर्व्हे हा शब्द सर्वांस माहीत आहे. तेथें प्रत्येक मिळकतीची पत्रिका असते. तिच्या वरच्या भागांत क्षेत्र, सत्ताप्रकार, हक्काचा मूळ धारक, पट्टेदार आणि इतर भार यांचे रकाने असतात. खालीं दिनांक, व्यवहार, नवीन धारक आणि साक्षांकन असे रकाने ओळीनें उतरत जातात. ती पत्रिका खालून वर वाचावी. सर्वांत खालीं आपण, त्याच्या वर आपले वडील, त्याच्या वर विकणारा, आणि असें चढत गेलें म्हणजे मूळ धारक लागतो. पण एवढ्यावर समाधान मानूं नये. भूमापन प्रथम झालें तेव्हां प्रत्येक मिळकतीची चौकशी करून एक चौकशी नोंदवही तयार केलेली असते. कोणीं कोणत्या आधारावर हक्क सांगितला, हें तींत असतें. पत्रिकेंत एकच नांव दिसतें. चौकशी नोंदवहींत कधीं कधीं भांडण दिसतें.

खेड्यांतील शेतजमिनीचा माग सात-बाराच्या उताऱ्यावरून आणि गांवनमुना सहा म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीवरून लागतो. गांवठाणांतील घराचें तसें नाहीं. तेथें अनेक पिढ्या ग्रामपंचायतीची आकारणी नोंदवही, म्हणजे नमुना आठ, हाच काय तो कागद असे. २०२० च्या एप्रिलांत केंद्र सरकारनें स्वामित्व योजना सुरू केली. तीनुसार ड्रोन उडवून गांवठाणांचें भूमापन होतें आणि घरोघर मिळकत पत्रिका व सनद देण्यांत येते. या योजनेचा विषय पुढें पुन्हां येईल.

दुय्यम निबंधकाच्या कचेरींत खरेदीखतांच्या नकला असतात. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणें स्थावराच्या दस्तांचें पहिलें पुस्तक आणि त्याच्या सूची कोणासहि फी भरून पाहतां येतात. मृत्युपत्रांच्या पुस्तकास मात्र ही मोकळीक नाहीं. सूची क्रमांक दोन ही मिळकतीवरून लाविलेली असते. घरांतील कागद वाळवीनें खाल्ले, पुरांत गेले किंवा भावानें दडवून ठेविले, तरी ही नक्कल बहुधा शाबूत असते, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. अलीकडील वर्षांच्या सूची संगणकावरहि दिसतात. वकिलाकडून शोध घेतला तर तो तीस वर्षांचा घेतो, कारण बँकेस तेवढाच लागतो. जिज्ञासूनें त्यास साठ वर्षें मागें जाण्यास सांगावें. फी थोडी अधिक पडते, पण खरी गोष्ट पुष्कळदां एकतिसाव्या वर्षीं सुरू होते.

त्याहून मागें गेलें म्हणजे मोडी लिपि आडवी येते. दुकानदारीच्या चिठ्ठ्यांपासून खतपत्रांपर्यंत जें अक्षर एके काळीं सर्रास चाले, तें आज मूठभर जाणकार वाचतात. कालगणनाहि निराळी. "सलास सबैन मया व अलफ" असें वाचून नवखा माणूस गडबडतो. हे अरबी संख्याशब्द आहेत : तीन, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे सुहूर सन ११७३. त्यांत ५९९ किंवा ६०० मिळवावे. हें वर्ष मृगापासून सुरू होतें, म्हणून हा सन १७७२-७३ चा ठरतो. एवढें कळल्यावर उत्साही मंडळी थेट पुण्यास पेशवे दफ्तराकडे धांव घेतात. तें दफ्तर १८९१ मध्यें बांधलेल्या इमारतींत आहे, आणि रियासतकार सरदेसायांनीं त्यांतून निवडलेले कागद १९३० नंतरच्या चार-पांच वर्षांत पंचेचाळीस भागांत प्रसिद्ध केले, हें वाचकांस माहीत असेलच. परंतु आपल्या दोन खणी घराचा माग काढण्यासाठीं तेथें एकदम जाऊं नये. रुमालांच्या त्या अरण्यांत नांव, पेठ आणि साल हातांत असल्यावांचून शिरणारा रिकाम्या हातानें परततो. आपल्या दारापासून मागें मागें जावें. पेशवाईपासून पुढें येण्याचा नाद धरूं नये. वतन किंवा इनाम असलेल्या घराण्यांची गोष्ट वेगळी. इनाम कमिशनास १८५२ च्या कायद्यानें अधिकार मिळाले, तेव्हां इनामदारांस आपल्या कैफियती आणि वंशावळी सादर कराव्या लागल्या. सरकारनें धाकानें लिहवून घेतलेला तो कागद आज वंशजांच्या उपयोगीं पडतो.

असो. लिखिताचा महिमा इतका सांगितल्यावर त्याची मर्यादाहि सांगितली पाहिजे. कागद मालक जाणतो. राहणारा जाणत नाहीं. एखाद्या वाड्याच्या पत्रिकेवर शंभर वर्षांत तीन नांवें असतील, आणि त्या शंभर वर्षांत तेथें तीस बिऱ्हाडें राहून गेलीं असतील. पुण्यामुंबईकडे तर मालक एका गांवीं, मिळकत दुसऱ्या गांवीं, आणि खरें घर भाडेकऱ्याचें. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर एकेका खोलींत त्याच भाडेकऱ्याच्या तीन पिढ्या नांदल्या, मुंजी-लग्नें तेथेंच झालीं. त्यांचा उल्लेख मालकाच्या खतपत्रांत बहुधा "भाडेकरूंसह" या एका शब्दांत उरकलेला असतो.

या राहणाऱ्यांचा शोध घ्यावयाचा तर नगरपालिकेची घरपट्टीची नोंदवही पाहावी. तींत मालक आणि भोगवटादार असे दोन रकाने असतात. स्मृतिकारांची भुक्ति सरकारी दफ्तरांत अशी आजतागायत नांदत आहे, हें पाहून आमच्यासारख्या जुन्या शास्त्राच्या माणसास मौज वाटते. मतदारांच्या जुन्या याद्याहि घरक्रमांकावरून लाविलेल्या असल्यामुळें उपयोगीं पडतात. मात्र त्यांतहि एक गोम आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपूर्वीं देशांतील, विशेषतः उत्तरेकडील, सुमारें अठ्ठावीस लक्ष स्त्रियांचीं नांवें यादींतून गळलीं ; कारण त्यांनीं स्वतःचें नांव न सांगतां अमक्याची बायको, तमक्याची मुलगी एवढेंच सांगितलें होतें. आपल्याकडील खतपत्रांतहि पुरुषाच्या नांवापुढें "बिन" आणि स्त्रीच्या नांवापुढें "कोम" लावून बापाचें किंवा नवऱ्याचें नांव येतें. घराचा प्रत्येक कोनाडा जिच्या हातानें सारवला गेला ती बहुधा कागदावर येतच नाहीं. आली तर विधवा झाल्यावर येते, आणि तीहि बहुधा भार म्हणून.

भार हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतों. वाईस आमचें राहतें घर आहे, तें आमच्या आजोबांनीं १९४९ सालीं खरेदी केलें. त्याचें खत वडिलांच्या पश्चात् आम्हीं प्रथमच अथपासून इतिपर्यंत वाचलें. मजकूर नेहमींचा : चतुःसीमा, जलतरुतृणकाष्ठपाषाणनिधिनिक्षेपासह, किंमत पावली, भरणा पुरा झाला. शेवटच्या पानावर एक कलम होतें. विकणाऱ्याची वडील भावजय, अमकी कोम तमके, हिला मागील सोप्याची खोली आणि विहिरीचें पाणी यांचा यावज्जीव उपभोग राहील. खरेदीदारानें तिला हरकत करूं नये. विकणारा दीर मुंबईस चालला होता. घर गेलें आणि भावजय घरासह गेली.

तें नांव वाचून आम्ही दचकलों, कारण तें आम्हांस पाठ होतें. आमचे वडील पितृपक्षांत महालय करीत तेव्हां एका वहींतून नांवें वाचीत. पिता, पितामह, प्रपितामह, मग माता, मातामह, चुलते, मामा, सासरे, गुरु, आणि सर्वांच्या शेवटीं आप्त. या आप्तांत एक स्त्री होती. तिचें गोत्र आमचें नव्हे, आजोळचें नव्हे, कोणाच्याहि सासरचें नव्हे. दरवर्षीं तिच्या नांवानें तिलोदक सोडलें जाई, आणि ती आजोबांच्या नात्यांतील कोणी असावी अशी घरांत समजूत होती. खतांतील नांव तेंच होतें.

पुढील हकीकत कागदांत नव्हती. ती आमच्या मातोश्रींजवळ होती. त्या लग्न होऊन या घरांत आल्या तेव्हां या बाई हयात होत्या. सर्वजण त्यांस मागच्या काकू म्हणत. त्यांची चूल वेगळी, सोंवळें कडक, जेवण एकवेळ. या घरांत त्या नववर्षांच्या नवरी म्हणून पुढल्या दारानें माप ओलांडून आल्या होत्या. घर विकलें गेल्यावर मात्र दिवसाउजेडीं पुढल्या ओटीवर त्यांस कोणीं पाहिलें नाहीं. जाणें-येणें सारें परसदारानें. फक्त गुढीपाडव्यास, पहांटे, कोणी उठण्यापूर्वीं, त्या पुढल्या दाराशीं सडा घालून रांगोळी काढीत. विधवेनें मंगल दिवशीं पुढल्या दारीं रांगोळी काढणें त्या काळीं कोणास खपलें नसतें. आजोबांनीं घरांत एवढेंच सांगून ठेविलें होतें कीं, पाडव्याच्या पहांटे तांब्याचा आवाज थांबेपर्यंत कोणीं दार उघडूं नये. मग सगळे उठत, आणि रांगोळी कोणीं काढली हें कोणी विचारीत नसे.

त्या वारल्या तेव्हां मुंबईहून कोणी वेळेवर पोहोंचलें नाहीं. आजोबांनींच क्रिया केली आणि नांव वहींत लिहिलें. कायद्याच्या दृष्टीनें त्यांचा हक्क हयातीबरोबर संपला. पत्रिकेवरील भाराचा शेरा कमी करण्यासाठीं त्यांच्या मृत्यूचा दाखला लागतो, म्हणून आम्ही नगरपालिकेंत गेलों, तेव्हां तेथील जन्ममृत्यूच्या नोंदवहींतहि त्यांचें नांव नवऱ्याच्या नांवाखालींच सांपडलें. माहेरचें नांव कोणत्याच दफ्तरांत नाहीं. मातोश्रींस तें आठवत होतें. तें आम्हीं वहींत लिहून घेतलें आहे.

साक्षी हें तिसरें प्रमाण असें आहे. कागद कचेरींत पन्नास वर्षें पडून राहतो, आणि तो पाहावयास आपण सवडीनें जाऊं शकतों. साक्षीदार सवडीची वाट पाहत नाहीं. घरांत ऐंशी-पंच्याऐंशींचें कोणी माणूस असेल तर प्रथम त्याच्याजवळ बसावें, आणि "या घराचा इतिहास सांगा" असा प्रश्न मुळींच करूं नये. त्यास कोणी उत्तर देत नाहीं. माजघरांत कोण निजत असे, विहीर कधीं आटली, समोरच्या बिऱ्हाडाशीं बोलणें कशावरून बंद झालें, असें विचारावें. शेजाऱ्यांस विचारावें, जुन्या वाण्यास विचारावें. नाशिक-त्र्यंबकेश्वरीं तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आलेल्या मंडळींचीं नांवें, गांव आणि सह्या असतात. एखादें घराणें गांव सोडून कोठें गेलें याचा पत्ता तेथें लागतो.

आतां त्याच खतांतील आणखी एका शब्दाकडे वळतों. आजोबांच्या नांवापुढें त्यांच्या मूळ खेड्याचें नांव आहे, आणि त्यापुढें "हल्लीं वस्ती वाई". या "हल्लीं"चा अर्थ आमच्या पिढीच्या वाचकांस सांगावयास नको. ३० जानेवारी १९४८ रोजीं गांधीजींची हत्या झाली, आणि त्यानंतरच्या दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत गांवोगांव ब्राह्मणांचीं घरें जाळण्यांत आलीं. आमचें घरहि त्यांत गेलें. माणसें वांचलीं. पुष्कळ कुटुंबें शहरांकडे आलीं तीं परत गेलीं नाहींत, आणि कूळकायद्यानें शेतीहि राहिली नाहीं. त्या घराविषयीं आमच्या वडिलांनीं आम्हांस फारसें कधीं सांगितलें नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत त्या खेड्यांतील एक तरुण पत्ता शोधीत वाईस आला. आमच्या जळक्या जोत्यावर त्याच्या आजोबांनीं घर बांधलें, तेथें तो राहतो. गांवांत ड्रोनचें भूमापन झालें होतें आणि पत्रिका तयार होत होत्या. त्याच्या हातांत नमुना आठाचा जुना उतारा होता. मालकाच्या रकान्यांत आमच्या आजोबांचें नांव, भोगवटादाराच्या रकान्यांत त्याच्या आजोबांचें. पाऊणशें वर्षें हीं दोन नांवें एका ओळींत शेजारीं शेजारीं राहिलीं होतीं. त्यास आमच्या संमतीचीं प्रतिज्ञापत्रें हवीं होतीं. पण त्यानें प्रथम विचारलें तें निराळेंच.

"गुरुजी, आमच्या आजोबांनी ही जागा विकत घेतली होती, का नुसतीच धरली होती, तेवढं सांगा. गावात दोन्ही बोलतात."

खरेदीखत नव्हतें. दुय्यम निबंधकाकडे त्यानें शोध घेतला होता, तेथें कांहीं निघालें नाहीं. निघणारहि नव्हतें, कारण १८८२ च्या मालमत्ता-हस्तांतरणाच्या कायद्याप्रमाणें शंभर रुपयांच्या आंतील स्थावराची विक्री नुसता ताबा देऊनहि होऊं शकते. आमच्याजवळ आजोबांची रोजकीर्द आहे. आजोबा हिशेबी गृहस्थ. आयुष्याची उलथापालथ झाली त्या वर्षींहि भाजीचे दोन आणे त्यांनीं लिहावयाचे सोडले नाहींत. त्या वर्षाचीं पानें उलटतां जमेच्या बाजूस ओळ सांपडली : गांवची जागा दिली त्याबद्दल, हस्तें अमुक, रोख रुपये पंचाहत्तर. अमुक म्हणजे त्या तरुणाचे आजोबा. वडिलांनीं एकदांच सांगितलें होतें कीं, वाईच्या मोटार-अड्ड्यावर कोणी पैसे आणून दिले आणि आजोबांनीं ते न मोजतां घेतले. ते मोजले वडिलांनीं. ती गोष्ट या ओळीची होती.

तरुणानें ती ओळ दोनदां वाचली आणि मोबाइलवर तिचें चित्र घेतलें. मग बऱ्याच वेळानें म्हणाला, "आणि त्या रात्री आमचे आजोबा कुठं होते ?"

याचें उत्तर रोजकीर्दींत नाहीं. वडिलांनीं आयुष्यांत त्या रात्रीच्या कोणाचें नांव घेतलें नाहीं, चांगलें म्हणून नाहीं कीं वाईट म्हणून नाहीं. आम्हीं त्यास तसेंच सांगितलें. जो प्रश्न आम्हीं स्वतःच्या वडिलांस विचारला नव्हता, तो त्यानें आपल्या आजोबांविषयीं परक्या घरीं येऊन विचारला, याचें आम्हांस कौतुक वाटलें, आणि थोडें अवघडल्यासारखेंहि झालें. चहा झाला. त्यानें मोबाइलवर घराचीं चित्रें दाखविलीं. पत्र्याचें छप्पर, दारांत दुचाकी, आणि अंगणांत आमचें तुळशीवृंदावन. तें त्यांनीं हलविलें नाहीं. त्याची आई रोज पाणी घालते. चौथऱ्यावरील अक्षरें त्यास लागत नव्हतीं. चित्र मोठें करून पाहिलें तेव्हां शके १८२४ असें दिसलें, म्हणजे १९०२ साल. आमचें घर किती जुनें होतें हें आम्हांस त्याच्याकडून असें कळलें.

आमच्या नातलगांत या गोष्टीवर दोन मतें पडलीं. एक चुलतबंधु म्हणतात, मालकाच्या रकान्यांत नांव आपलें आहे, आजचा भाव पाहा, फुकट सही कां द्यावी ? त्यांचे घाव खरे आहेत ; त्यांचे वडील त्या वर्षीं शाळा सोडून नोकरीस लागले ते पुन्हां शिकले नाहींत. तरी व्यवहार पाहतां त्यांच्या म्हणण्यांत आम्हांस तथ्य दिसत नाहीं. १९६३ चा मुदतीचा कायदा स्थावराच्या दाव्यास बारा वर्षांची मर्यादा घालतो. स्मृतिकार वीस वर्षें म्हणतात : मालकाच्या देखत कोणी वीस वर्षें भूमि भोगली आणि त्यानें हरकत केली नाहीं, तर त्याची हानि होते. मिताक्षराकार विज्ञानेश्वर येथें थोडी मुरड घालतात. ही हानि उत्पन्नाची, स्वामित्वाची नव्हे, असें त्यांचें म्हणणें. परंतु आगम, म्हणजे मालकीचें मूळ, हें भोगाहून बलवत्तर असें सांगतांना पूर्वजांपासून क्रमानें चालत आलेला भोग याज्ञवल्क्यांनींच वगळला आहे. या तरुणाचा आजा, बाप आणि तो स्वतः, अशी तिसरी पिढी त्या जोत्यावर नांदत आहे. शिवाय आगम कोठें चुकला आहे ? पंचाहत्तर रुपये आमच्याच आजोबांच्या अक्षरांत जमा आहेत.

आम्ही दोघे भाऊ आणि आमची भगिनी यांनीं प्रतिज्ञापत्रें करून दिलीं. वारस म्हणून तिचीहि सही लागते, हें त्या तरुणास आधीं ठाऊक नव्हतें. तो तिच्या गांवीं स्वतः जाऊन घेऊन आला. पुण्याच्या दोन चुलतभावांचीं आलीं आहेत. वर सांगितलेल्या बंधूंचें अद्याप यावयाचें आहे. रोजकीर्दींतील त्या पानाची नक्कल आम्हीं त्यांस टपालानें पाठविली आहे, आणि तरुण गांवचा भूमापन अधिकारी बदलून जाण्याच्या आंत काम व्हावें म्हणून दर आठवड्यास फोन करून विचारीत आहे.